झाडीपट्टीत मिररलेस कॅमेरा निवडताना

चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी किंवा वडसा येथील ज्या घरांतले कोणी वडीलधारे कागद गिरणीत, कोळसा खाणीत अथवा वनखात्यात चाकरीस होते आणि ज्यांना पगारातून चार पैसे मागे टाकून फोटो काढण्याचा नाद जडला होता, त्या घरांच्या लोखंडी कपाटात एखादा झेनिट, पेंटॅक्स, याशिका अथवा निकॉन आजही पडून असण्याचा संभव पुष्कळ. आणि त्याच घरातील पुढची पिढी ताडोब्याच्या ओढीने नवा मिररलेस कॅमेरा घ्यावयास निघाली, म्हणजे ही जुनी सामग्री भंगारात काढावी की नव्या कॅमेऱ्याच्या दिमतीस लावावी, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. माझा अभिप्राय आरंभीच नमूद करतो. आधी घरातील लेन्सची मोजदाद करावी, कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर करावा. आणि चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीतील दोन जिल्ह्यांसाठी कॅमेरा निवडताना वाघ हे एकमेव माप धरू नये. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात वाघ दिसलाच तर काही मिनिटे दिसतो. सागवान, बांबूची बने, चैत्रातला मोह, मार्कंड्याची शिल्पे, वैनगंगेचे पात्र आणि दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके मात्र छायाचित्रकाराला पुरेसा अवसर देतात, आणि जुन्या लेन्सचा खरा अंमल तेथेच चालतो.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर का चालते, याचे कारण एका अंतरात आहे. लेन्स ज्या धातूच्या कड्यावर बसते त्या माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात ठरलेले असते आणि लेन्सची घडण त्याच अंतराला धरून झालेली असते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा हलावयाचा असल्यामुळे हे अंतर ऐसपैस ठेवावे लागे: १९५९ पासून चालत आलेल्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे, ऑलिम्पसच्या ओएममध्ये ४६, जुने पेंटॅक्स, प्राक्टिका व झेनिट ज्यावर चालत त्या आट्यांच्या एम४२ माउंटमध्ये ४५.४६, तर कॅननच्या एफडीमध्ये ४२. आरसा गेला तसे अंतर आखडले. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिलिमीटर उरले, फुजीफिल्मच्या एक्समध्ये १७.७, निकॉनच्या झेडमध्ये १६ आणि कॅननच्या आरएफमध्ये २०. सोनीच्या कॅमेऱ्यावर एम४२ची लेन्स चढवावयाची, तर दोहोंमधील साडेसत्तावीस मिलिमीटरांची तूट भरून काढणारी एक पोकळ नळी पुरते, तिच्यात भिंग घालावे लागत नाही. आणि या नळीलाच बाजारात अडॅप्टर म्हणतात. डिजिटल एसएलआरच्या काळात ही सोय सर्वांना नव्हती. निकॉनचे अंतर एम४२पेक्षा जास्त असल्याने त्यावर चढविलेल्या एम४२ लेन्समधून दूरची टेकडी स्पष्ट होतच नसे, आणि ती व्हावी म्हणून मध्ये आणखी एक हलके भिंग घातले तर चित्राचा दर्जा उतरे. कॅननने १९८७ साली ४४ मिलिमीटरांचा ईएफ माउंट काढला तेव्हा तिच्याच एफडी लेन्स एका रात्रीत पोरक्या झाल्या होत्या. पॅनासॉनिकचा जी१ हा मिररलेस कॅमेरा २००८ साली आला आणि २०१३ साली सोनीने फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरांचा सेन्सर मिररलेस कॅमेऱ्यात बसविला, तेव्हा या पोरक्या लेन्सना पुन्हा आश्रय मिळाला. निकॉन आणि कॅनन या मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे २०१८ साली वळल्या.

मोजदाद करताना पहिली छाननी अगदी सोपी आहे. ज्या कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही तो या कामी बाद. याशिका इलेक्ट्रो ३५, दोन डोळ्यांचा याशिका-मॅट आणि आपल्या देशात घरोघर पोहोचलेला आग्फा क्लिक थ्री हे तिन्ही या यादीत येतात. त्यांची आठवण जपावी, त्यांस अडॅप्टर शोधू नये. याशिका एफएक्स-३ची गोष्ट वेगळी. तिची लेन्स निघते आणि तिच्या माउंटचे अडॅप्टर सहज मिळतात. झेनिटबरोबर बहुधा ५८ मिलिमीटर, एफ/२ची हेलिओस-४४ असते. ती झाइसच्या बायोटार लेन्सच्या रचनेवरून रशियनांनी घडविली आणि अपरिमित संख्येने काढली, म्हणून ती स्वस्त आहे. स्वस्त असली तरी टाकाऊ नाही. ज्या निकॉन लेन्सवर अ‍ॅपर्चरचे, म्हणजे छिद्राचे, कडे आहे ती कोणत्याही साध्या अडॅप्टरवर निर्वेध चालते. ज्या नव्या निकॉन जी लेन्सवर ते कडे नाही ती साध्या अडॅप्टरवर आपले छिद्र सर्वांत लहान करून बसते, आणि कॅननची ईएफ लेन्स उलट पूर्ण उघडीच राहते. यास्तव अशा लेन्ससाठी छिद्र हलविणारा अडॅप्टर, किंवा विजेच्या जोडण्या असलेला उत्तम प्रतीचा अडॅप्टर, यांवाचून गत्यंतर नाही.

दुसरी छाननी भिंगांची. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडावे, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर ते दुर्लक्षावेत. शंभर टक्के स्वच्छ जुनी लेन्स हा बाजारातील एक भ्रम आहे. तंतूंचे पसरट जाळे दिसले तर ती बुरशी समजावी, आणि आपल्याकडील पावसाळा पाहता तिची भीती बाळगणे रास्त आहे. भिंगावर दुधट पडदा असेल तर उजेडाविरुद्ध घेतलेले प्रत्येक चित्र फिके येईल. दोन भिंगे जेथे चिकटविलेली असतात तेथे कडेला इंद्रधनुषी डाग दिसू लागला, तर तो जोड सुटत चालला आहे आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीहून अधिक होईल. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे की काय हे कडे झरझर फिरवून पाहावे. फोकसच्या आट्यांतील ग्रीस उन्हाने पातळ होऊन पात्यांवर उतरते, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत ठेवलेली लेन्स हा प्रकार फार लवकर करून दाखविते. पेंटॅक्सची जुनी सुपर टाकुमार ५० मिलिमीटर, एफ/१.४ ही पिवळी पडलेली आढळली तर घाबरू नये. तिच्या एका भिंगात थोरियम आहे, त्यामुळे काच कालांतराने पिवळसर होते आणि काही दिवस उन्हात ठेवल्याने तो पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. मात्र हे ऊन डिसेंबर-जानेवारीचे असावे, आणि लेन्सच्या मागच्या तोंडावर झाकण घालावे, नाहीतर तीच लेन्स सूर्यकिरण एकत्र करून मागची वस्तू पेटविते.

अडॅप्टरच्या बाबतीत लोक कंजुषी करतात आणि मग दोष लेन्सच्या माथी मारतात. स्वस्त अडॅप्टर नाममात्र जाडीपेक्षा किंचित पातळ ठेवण्याची वहिवाट आहे, कारण जाड अडॅप्टरवर लेन्स अनंतापर्यंत पोहोचतच नाही, तर पातळ अडॅप्टरवर ती अनंताच्या पुढे जाते आणि ग्राहकाची तक्रार येत नाही. साध्या लेन्सला त्याने फारसे बिघडत नाही, फक्त तिच्यावर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात; पण ज्या रुंद लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी काही भिंगे स्वतंत्रपणे सरकतात, तिच्या चित्राचे कोपरे या पातळपणाने बिघडतात. खरा दोष निराळाच असतो: अडॅप्टरची दोन्ही तोंडे समांतर नसली, तर चित्राची एक बाजू रेखीव आणि दुसरी मऊ येते. याची परीक्षा घरबसल्या होते. चंद्रपूर शहरात असाल तर स्वच्छ हवेच्या सकाळी गच्चीवरून ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या प्रथम चौकटीच्या डाव्या कडेस आणि मग उजव्या कडेस ठेवून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, दोन चित्रे घ्यावीत. अनंताची आणि समांतरतेची अशा दोन्ही गोष्टींची खातरजमा एकाच वेळी होते. नंतर जटपुरा गेटच्या दगडी तोंडासमोर बरोबर काटकोनात उभे राहून एक चित्र एफ/८वर घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतील दगडांचे सांधे संगणकावर मोठे करून पाहावेत. जड टेलीफोटो लेन्स लावली असता कॅमेरा हाती धरून लेन्स लोंबू देऊ नये. तिचे वजन अडॅप्टरवर पडते आणि कडी सैल होतात. आणखी एक अगदी क्षुल्लक, पण अनेकांस रडकुंडीस आणणारी बाब: अडॅप्टर लावल्यावर काही कॅमेरे लेन्सच नाही असे समजून शटर दाबू देत नाहीत. मेन्यूत लेन्सविना शटर चालविण्याची मुभा देणारी नोंद असते, ती चालू करावी. या एका कारणासाठी किती निर्दोष अडॅप्टर दुकानदाराकडे परत गेले असतील कोण जाणे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. ज्याच्या कपाटात तीन-चार चांगल्या जुन्या लेन्स निघाल्या त्याने पूर्ण चौकटीचा सेन्सर घ्यावा, कारण त्यावर ५८ मिलिमीटर लेन्स ५८ मिलिमीटरच राहते. एपीएस-सी या लहान सेन्सरवर तीच सुमारे ८७ मिलिमीटरांची दृष्टी देते, आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ११६. पक्ष्यांसाठी ही लांबण हिताची आहे, देवळाच्या मंडपासाठी अडचणीची. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या आतच सेन्सर हलवून हाताचा कंप सावरण्याची सोय. जुन्या लेन्समध्ये ही व्यवस्था नसते, म्हणून ती कॅमेऱ्यात असली पाहिजे. २०१४ च्या सोनी ए७ मार्क टूपासून ती पूर्ण चौकटीच्या मिररलेस कॅमेऱ्यांत येऊ लागली, निकॉन झेड५मध्ये ती आहे, तर कॅनन आरपी आणि निकॉन झेड५० यांत नाही. जुनी लेन्स आपली लांबी कॅमेऱ्यास कळवीत नाही, तेव्हा ती मेन्यूत हाताने भरावी लागते; भरताना लेन्सवर छापलेलाच आकडा भरावा, सेन्सरच्या हिशेबाने वाढविलेला नव्हे. तिसरी गोष्ट व्ह्यूफाइंडर. हाताने फोकस करणाऱ्याचे सारे काम त्याच्यात चालते, म्हणून सुमारे ३६ लाख बिंदूंचा व्ह्यूफाइंडर मिळत असेल तर २३ लाखांच्या कॅमेऱ्यापेक्षा त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत. आणि मध्यभाग मोठा करून दाखविणारे बटण अंगठ्याखाली येते की नाही हे दुकानातच पाहावे. कडा रंगवून दाखविणारी फोकस पीकिंगची सोय चांगली खरी, पण बांबूच्या बेटात ती प्रत्येक काठी लाल करून टाकते आणि हरिणाचा डोळा कोठे आहे हे सांगत नाही. तेथे मोठे करून पाहण्यावाचून इलाज नाही.

या मुलखापुरती चौथी परीक्षा उन्हाची. बहुतेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकात कॅमेरा ० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असे लिहितात, आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंश सहज ओलांडतो. उघड्या जिप्सीत काळ्या रंगाचा कॅमेरा त्याहून तापतो. छायाचित्रे घेण्यास याने बहुधा अडत नाही, परंतु लहान शरीराचा कॅमेरा सलग ४के चित्रफीत घेताना तापून बंद पडतो, हे ज्याला चित्रफितीची हौस आहे त्याने आधीच विचारून घ्यावे. आपला पांढरा दुपट्टा कॅमेऱ्यावर टाकून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. बॅटरीचेही तसेच: मिररलेस कॅमेरा नुसता पाहण्यासाठीदेखील वीज खातो, आणि जुन्या लेन्सवर फोकस करताना तुम्ही पाहण्यातच अधिक वेळ घालविता. सोनीच्या एनपी-एफडब्ल्यू५० या जुन्या लहान बॅटरीचे कॅमेरे सेकंडहँड बाजारात आकर्षक किमतीस मिळतात. ते घ्यावेत, पण त्यांबरोबर दोन जादा बॅटऱ्यांची रक्कम हिशेबात धरावी.

बिनआवाजाच्या शटरविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण विक्रेते त्याची फार स्तुती करतात. जंगलात ते उपयोगी आहे यात शंका नाही. चितळाच्या कळपापाशी यांत्रिक शटर खटखटले की सगळी डोकी वर होतात. तथापि या शटरात सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, आणि ते वाचन संथ असले तर धावत्या प्राण्याचे पाय तिरके येतात. वाचन अतिशय जलद करणारे सेन्सर २०१७ च्या सोनी ए९मध्ये आणि २०२१ च्या निकॉन झेड९मध्ये आले, झेड९मध्ये तर यांत्रिक शटरच ठेवलेले नाही; पण त्यांची किंमत सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेर आहे. याहून मोठी अडचण वडसा आणि आसपासच्या गावी नाटकाच्या मांडवात येते. हल्ली रंगमंचावर एलईडी दिवे असतात, ते डोळ्यास न कळत लुकलुकतात, आणि बिनआवाजाच्या शटरने घेतलेल्या चित्रात नायिकेच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. तेथे यांत्रिक शटरच वापरावे, वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा, कारण आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. आणि मग पन्नास किंवा पंच्याऐंशी मिलिमीटरांची जुनी, मोठ्या छिद्राची लेन्स लावून पुढच्या रांगेत बसावे. नट ठराविक जागी येऊन पल्लेदार स्वगत म्हणतो, हाताने फोकस करण्यास यासारखी दुसरी सवलत नाही.

वाघाचे काय, असे वाचक विचारतीलच. ताडोब्याच्या कोअर क्षेत्रात मोबाइल नेण्यास बंदी असल्याने तेथे कॅमेऱ्यावाचून चालत नाही, आणि वाघासाठी माझी शिफारस जुन्या हाताच्या लेन्सची नाही. मिररलेस कॅमेऱ्याचे प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर चिकटून राहण्याचे कसब विजेच्या जोडण्या असलेल्या लेन्सवरच चालते. ज्यांच्याकडे डिजिटल एसएलआरच्या काळातील टेली लेन्स आहे त्यांनी मात्र ती विकण्याची घाई करू नये: कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरमधून आरएफ कॅमेऱ्यावर पूर्ण ऑटोफोकससह चालतात, आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरमधून झेड कॅमेऱ्यावर. निकॉनच्या त्याहून जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस कॅमेऱ्यातील मोटर फिरवीत असे, ती मोटर एफटीझेडमध्ये नाही. ८०-२०० मिलिमीटरांची एएफ-डी लेन्स बाळगणाऱ्यांनी हे जाणूनच झेड कॅमेऱ्याचा बेत करावा. जवळ केवळ जुनी ३०० मिलिमीटर हाताची लेन्स असेल, तर वाघाच्या मागे फोकस फिरवीत बसू नये. तो ज्या वाटेने येत आहे तिच्यावरील एखाद्या दगडावर आधीच फोकस बांधावा आणि तो तेथे येईपर्यंत थांबावे. अशी लेन्स आपली लांबी कॅमेऱ्यास कळवीत नसल्याने आपोआप ठरणारा शटरचा वेग विश्वासार्ह नसतो. किमान वेग सेकंदाचा पाचशेवा भाग असा स्वतः ठरवावा आणि आयएसओ वाढू द्यावा. कापडी पिशवीत तांदूळ भरून ती जिप्सीच्या दांड्यावर ठेवली की लेन्सला उत्तम बैठक मिळते. गाईडला विनंती करून इंजिन बंद करवून घ्यावे. उन्हाळ्यात सकाळी नवानंतर दूरच्या वाघाचे चित्र मऊ आले तर लेन्सला बोल लावू नये, तापलेली हवाच मध्ये थरथरत असते. खर्चिक लेन्सलाही ती दाद देत नाही.

जुन्या लेन्सचे सुख पाहावयाचे तर गडचिरोलीकडे जावे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या देवळावरील शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने एफ/५.६ किंवा ८वर घ्यावीत. मूर्ती हलत नाहीत, फोकस शांतपणे होतो, आणि अशा मधल्या छिद्रावर पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आणि आजची लेन्स यांतील भेद कागदावर छापल्यावर शोधावा लागतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राखीव वनातील सागाचे प्रचंड बुंधे, सिरोंचा तालुक्यातील वडधमच्या जीवाश्म उद्यानातील दगड झालेले ओंडके, पानगळीनंतर उघडा पडलेला मोह: हे सगळे विषय या लेन्सच्या गतीचे आहेत. हेलिओस पूर्ण उघडी ठेवून पानांच्या फटींतून उजेड येणारी पार्श्वभूमी काही अंतरावर धरली, तर ती पार्श्वभूमी भोवऱ्यात फिरल्याप्रमाणे उमटते. हा वस्तुतः त्या रचनेचा दोष आहे. हौशी लोक त्याला गुण मानतात, आणि एखाद्या चित्रापुरते मलाही ते मान्य आहे, संपूर्ण अल्बमभर नव्हे. जुन्या लेन्सचे लेप साधे असल्याने उजेडाविरुद्ध चित्र फिके होते, म्हणून हूड न विसरता लावावा. माडिया आदिवासींच्या गावात कोणाचे चित्र घ्यावयाचे असेल तर आधी विचारावे, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली ठेवावा. पन्नास मिलिमीटरची लेन्स माणसाच्या जवळ जावयास लावते, म्हणून हे विचारणे टळतही नाही.

धूळ आणि दमट हवा हे दोन शत्रू राहिले. साध्या अडॅप्टरला रबराची कडी नसते, तेव्हा कॅमेरा धूळरोधक म्हणून विकला गेला असला तरी अडॅप्टर लावताच ते अभय संपते. त्यातून मिररलेसचा सेन्सर लेन्स काढताच उघडा पडतो. काही कॅमेरे बंद करताना त्यापुढे शटर ओढून घेतात, पण सर्व नव्हेत. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा फाटकातून आत शिरण्यापूर्वीच काय ती लेन्स चढवावी आणि बाहेर येईपर्यंत ती उतरवू नये. पावसाळ्यात कोअर क्षेत्र बंद असते, तो काळ सामानाच्या निगेचा. जुने चामडी वेष्टन ओल धरून ठेवते, त्यात लेन्स मुळीच ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारे एक लहानसे यंत्र एवढी तजवीज पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा, त्याहून फार खाली नको. जेलचे दाणे रंग पालटले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित खोलीतून दमट अंगणात लेन्स आणताच तिच्यावर बाष्प धरते, म्हणून ती पिशवीतच बंद ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्यावी. बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नये, आणि ती साफ करवून घ्यावयाची तर कारागिराकडून खर्चाचा आकडा आधी विचारावा. हेलिओससारख्या लेन्सच्या बाबतीत तेवढ्याच पैशांत दुसरी निर्दोष लेन्स मिळून जाते.